दुधाचे खाडे

आमच्या कराडच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक खिळा आहे आणि त्या खिळ्यावर कालनिर्णय असतं, म्हणजे असतात, कारण आई जुनं कधी काढतच नाही, नवीन आणलं की जुन्याच्याच वर अडकवते, आणि सात-आठ वर्षांनी तो गठ्ठा इतका जाड होतो की दार पूर्ण उघडेनासं होतं, मग अण्णा वैतागून खालची काढतात आणि माळ्यावर टाकतात. घराचा सगळा कारभार त्या कॅलेंडरवर. सिलेंडर कधी लावला, कुणाची मुंज, लाइटबिल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुधाचे खाडे. रतीब होता ना आमचा. ज्या दिवशी दूध आलं नाही त्या तारखेवर लाल पेनाने फुली, अर्धा लिटर कमी आलं तर अर्धी फुली, आणि महिनाअखेरीला आई चष्मा लावून त्या फुल्या अशी मोजायची की गवळीमामांना एक रुपया इकडचा तिकडे करता यायचा नाही.

त्याच चौकोनांत डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीकसं टिंब असायचं. ते माझ्या पाळीचं. आईची स्वतःची छोटी आडवी रेघ. ही नोंद आमच्या तब्येतीसाठी वगैरे नव्हती हां, ती देवासाठी. नवरात्र कधी, घरचा कुळाचार कधी, सत्यनारायण ठेवायचा तर कुणाची अडचण येत नाही ना, त्याचा हिशोब.

मागच्या दिवाळीला माझ्या भाचीला उटणं लावत होते. चौदा वर्षांची आहे, पाटावर कुडकुडत बसलेली, मावशी लवकर कर म्हणून कटकट चालू, आणि मी मानेवर मागून हात फिरवला आणि थांबले. केसांच्या खाली, जिथे चेन टेकते तिथे, काळपट पट्टा. बोटाला लागतो तो, नुसता दिसत नाही, जरा जाडसर, मखमलीसारखा. बाहेरून ताई म्हणाली, "नीट घास गं तिची मान, किती मळ साचवलाय बघ." आणि मला एकदम वीसेक वर्षांपूर्वीचं आमचं बाथरूम आठवलं.

माझी मान नववीत काळी पडली. आईने आधी डाळीचं पीठ आणि साय लावून बघितलं, मग लिंबाची फोड, मग कुणीतरी सांगितलं म्हणून दही आणि हळद, आणि एकदा तर चक्क टाचा घासायची वज्री. पहाटे चारला, नरक चतुर्दशीला, मी रडतेय आणि आई घासतेय. कातडी सोलवटून लाल झाली, आठ दिवस कॉलर लागली की झोंबायचं, आणि लाल ओसरल्यावर खालचं काळं होतं तसंच. आईची चूक नव्हती, तिला दिसत होतं ते मळासारखंच दिसतं. शाळेत पोरी केस वर बांधायच्या, मी दोन वेण्या पुढे न घेता मागेच सोडायचे. सगळ्या बहिणींत माझीच मान का मळते हा प्रश्न घरात कुणाला पडला नाही, आळशी आहे अंघोळीला, संपलं.

तो मळ नसतो. त्याचं नाव अकॅन्थोसिस नायग्रिकन्स, मला ते नाव पाठ व्हायला दोन दिवस लागले. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, रक्तात ते वाढत जातं, आणि त्या जादा इन्सुलिनने कातडीच्या पेशी घडीच्या जागी भराभर वाढायला लागतात, मान, काखा, जांघा. म्हणजे आतली गडबड बाहेर लिहून आलेली असते आणि आपण ती लिंबाने पुसत बसतो. त्याच्याच आसपास बारीक चामखिळी पण येतात कधीकधी, मला आल्या होत्या, त्याला आजी "आत्यावर गेलीये पोरगी" म्हणायची. आत्याची मान काळी, आत्याला हनुवटीवर केस, आत्याला चाळिशीत शुगर. सगळी साखळी आजीच्या तोंडात होती, फक्त ती चेष्टेत यायची.

केसांचं सांगते. अकरावीत हनुवटीखाली पहिला राठ केस आला, काळा, टोचणारा. लव वेगळी असते, लव सगळ्यांनाच असते, ही लव नव्हे. प्लकरने उपटला, चार दिवसांनी दोन. मग छातीच्या मधोमध, मग बेंबीच्या खाली रेघ, हे कुणाला सांगायचं? मी पुण्याला नोकरीला लागले तेव्हा माझा सकाळचा पहिला पाऊण तास खिडकीजवळ आरसा धरून जायचा, ट्यूबलाइटमध्ये दिसत नाहीत ते उन्हात दिसतात. बसमध्ये खिडकीकडे बसायचं टाळायचे मी, कारण शेजारच्या बाईला बाजूने उजेडात हनुवटी दिसेल. हे वाचून ज्यांना हसू आलं त्यांना नशीबवान म्हणायचं.

आणि मजा बघा, हे पहिल्यांदा ओळखलं कुणी तर पार्लरवाल्या ताईने. कर्वेनगरच्या गल्लीतलं दीड खोलीचं पार्लर, एक खुर्ची, एक टेबलफॅन. ती दोरा दातात धरून माझी हनुवटी करत होती, मध्येच दोरा सोडला आणि म्हणाली, "मॅडम, एक विचारू का, राग नका मानू. पाळी येते का वेळेवर?" मी म्हटलं येते की. धडधडीत खोटं. ती काही बोलली नाही, परत दोरा धरला, आणि जाताना पैसे परत देता देता म्हणाली की माझ्याकडे हनुवटीचे असे राठ केस घेऊन येणाऱ्या चार-पाच पोरी आहेत, सगळ्यांचं पाळीचंच निघालं, एकदा दाखवून घ्या. तिला ना हार्मोन माहीत ना काय, पण ती रोज वीस हनुवट्या बघते. मला आजही वाटतं की डॉक्टरच्या आधी कुणाकडे ही माहिती पोचायला हवी असेल तर पार्लरवाल्यांकडे.

पाळी वेळेवर येत नव्हतीच. पहिली सातवीत आली, २००२ साली, सुरुवातीला पुढेमागे व्हायची आणि ते चालतं म्हणे, पहिलं वर्षभर तर काहीच धरून चालता येत नाही, तिसऱ्या वर्षापर्यंत साधारण तीन ते सहा आठवड्यांत कुठेही आली तरी ठीक. माझी चार वर्षांनंतरही अडीच-अडीच महिने गायब असायची. आणि खरं सांगू, मला काही तक्रार नव्हती! मैत्रिणी पोट धरून बसायच्या, मी आपली ट्रिपला पुढे. आई पण म्हणायची, बरंय, परीक्षेच्या वेळी कटकट नाही. मग यायची तेव्हा अशी यायची की दहा दिवस थांबायची नाही, रात्री उठून चादर धुवायची, तेव्हा "उष्णता झालीये" म्हणून सब्जा.

एक गंमत म्हणजे आमच्या घरात पाळी पुढे ढकलायची गोळी सगळ्यांना ठाऊक. गौरी-गणपतीच्या आधी मेडिकलमधून आणायची, कुठल्या दिवसापासून घ्यायची, बंद केल्यावर किती दिवसांनी येणार, चुलतबहिणी एकमेकींना फोनवर सांगायच्या. माझ्यासाठी पण आणली होती एका वर्षी. ढकलायला माझ्याकडे होतं काय, पण आणली.

विसाव्या वर्षी आई एकदा डॉक्टरांकडे घेऊन गेली, वजन वाढत होतं म्हणून, पाळीचं सहज शेवटी निघालं. त्यांनी नाडी बघितली, टॉनिक दिलं, आणि आईला म्हणाले, लग्न झालं की सगळं जागेवर येतं. आई निर्धास्त झाली. मी पण झाले असेन. डॉक्टरांचं नाव लिहिण्यात अर्थ नाही, हे वाक्य महाराष्ट्रातल्या निम्म्या बायकांनी कुठल्या ना कुठल्या खुर्चीत बसून ऐकलेलं आहे.

शेवटी पार्लरवाल्या ताईचं ऐकून चोवीसाव्या वर्षी पुण्यात एका गायनॅक मॅडमकडे एकटीच गेले. त्यांनी आधी सोनोग्राफी वगैरे काही नाही सांगितली, समोर बसवलं आणि विचारलं, "गेल्या वर्षभरात किती वेळा आली?" शेवटची तारीख नाही, वर्षात किती वेळा. शेवटची तारीख माणूस ठोकून देतो, पण वर्षाचा आकडा मला सांगता येईना. मग त्यांनी स्वतः उठून माझी मान बघितली, केस बाजूला करून, हनुवटी बघितली, पोटावरचे केस कुठे कुठे आहेत ते विचारलं, डोक्यावरचे भांगाजवळ विरळ झालेत का ते बघितलं, घरात शुगर कुणाला, आणि सगळं एका कागदावर एकाखाली एक लिहिलं. ती माझी सगळी गुपितं होती, वेगवेगळ्या खणात लपवलेली, आणि ह्या बाईने पाच मिनिटांत ती एका कागदावर मांडली. मला रडू आलं, जरा विचित्रच वाटेल, पण ते सुटल्यासारखं रडू होतं.

लगेच पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणाल्या नाहीत त्या. आधी प्रेग्नन्सी टेस्ट (मी लाजले, त्या म्हणाल्या, प्रत्येकीची करते), मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन (अंगावरच्या दुधाचा हार्मोन), आणि मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात दोष असतो त्यासाठी सकाळची एक टेस्ट, कारण ह्या सगळ्यांत पाळी अशीच अडखळू शकते नाहीतर केस वाढू शकतात. त्यांनी हेही विचारलं की केस हळूहळू वर्षानुवर्षं वाढले की दोन-तीन महिन्यांत एकदम, आवाज घोगरा झालाय का. एकदम झालं असेल तर ते वेगळं प्रकरण, गाठ तर नाही ना ते तातडीने बघतात.

मग सोनोग्राफी. लग्न झालेलं नाही म्हणून पोटावरून, म्हणजे लिटर-दीड लिटर पाणी प्यायचं आणि लघवी धरून बसायचं. समोर भिंतीवर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" ची पाटी, ती मी त्या तासाभरात दोनशे वेळा वाचली असेल. बाकी सगळ्या पोटुशा बायका, नवरे बरोबर, आणि मी एकटी मांड्या आवळून. एक काकू म्हणाल्या, कितवा महिना? रिपोर्टमध्ये आलं, दोन्ही ओव्हरी मोठ्या, कडेने बारीक बारीक फॉलिकल, मण्यांच्या माळेसारखे.

मी तो कागद वाचून रिक्षात बसून आईला फोन केला की माझ्या पोटात गाठी आहेत. आई तिकडे देवासमोर बसली. दोन दिवस आमच्या घरात सुतक असल्यासारखं. आणि त्या गाठी नव्हत्याच! मॅडमनी नंतर कागदावर गोल काढून समजावलं, दर महिन्याला ओव्हरीत बऱ्याच बीजांडांच्या पिशव्या वाढायला लागतात, त्यातली एक पुढे जाते, फुटते, बीज बाहेर पडतं, बाकीच्या विरून जातात. माझ्याकडे सगळ्या निघतात आणि अर्ध्या वाटेत बसून राहतात. सोनोग्राफीत दिसतात त्या ह्या बसून राहिलेल्या. बीज सुटलं नाही की अस्तर ताब्यात ठेवणारा प्रोजेस्टेरॉन हार्मोन तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत राहतं, मग कधीतरी कोसळतं ते दहा दिवस. आणि ते जादा इन्सुलिन, मानेवरचं, तेच ओव्हरीला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं, तो हार्मोन हनुवटीवर केस आणतो, गालावर मुरुम आणतो, डोक्यावरचे विरळ करतो, आणि बीजांडालाही अर्ध्यात अडवतो. मान, हनुवटी, पाळी, आत्याची शुगर. सगळं एकच.

हे एकत्र बघायला डॉक्टर लोकांनाही वेळच लागला म्हणा. १९२१ साली पॅरिसच्या अशार आणि तिएर ह्या दोघांनी दाढीवाल्या बायकांचा मधुमेह असं नाव देऊन लिहिलं होतं, नाव ऐकून राग येतो पण केस आणि साखर एका ओळीत लिहिली होती त्यांनी. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल ह्यांनी सात बायकांची उदाहरणं मांडली, पाळी बंद आणि ओव्हरी मोठ्या, आणि तिथून सगळ्यांचं लक्ष ओव्हरीवरच चिकटलं ते नावासकट. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनीच सांगितलं की हे नाव दिशाभूल करतं, बदला. मला विचाराल तर नावातल्या त्या एका सिस्ट, म्हणजे गाठ, शब्दाने आमच्या घरातले दोन दिवस खाल्ले.

आता मोठ्या बाईत निदानाचा जो नियम आहे तो नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला २००३ मध्ये डॉक्टरांच्या बैठकीत ठरला, तीनपैकी दोन गोष्टी हव्यात, पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त असल्याची खूण नाहीतर रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतली ती माळ. म्हणजे पहिल्या दोन असतील तर सोनोग्राफी लागतही नाही, आणि नुसती माळ दिसली, पाळी चोख आहे, केस नाहीत, तर तो पीसीओएस होत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण माझ्या ऑफिसातल्या एकीला नुसत्या सोनोग्राफीवरून सांगितलं आणि ती चार वर्षं घाबरून होती. नियम किती फरक करतो बघा, मुंबईत १५ ते २४ वयाच्या मुलींचा एक अभ्यास झाला होता, त्यात रॉटरडॅमच्या नियमाने साडेबावीस टक्के मुली बसल्या आणि पुरुषी हार्मोनची खूण हवीच असा कडक नियम लावला तर पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास. मुली त्याच. जगात धरलं तर दहातल्या एकीला असतं असं म्हणतात आणि असलेल्यांपैकी सत्तर टक्क्यांपर्यंत बायकांना पत्ताच नसतो. मला त्याचं अजिबात नवल वाटत नाही.

आणि जाड बायकांनाच होतं हे डोक्यातून काढा. माझी रूममेट अंगाने काडी, पाळी वर्षात सहादा, मुरुम भरपूर, तिला कुणी विचारलंच नाही, कारण ती बारीक. मला कुणी विचारलं नाही कारण मी जाड, खात्यापित्या घरची.

निदानानंतर त्या दिवाळीला मी कराडला गेले आणि माळ्यावर चढले. गठ्ठा होता, वाळवीने एक कोपरा खाल्लेला, पण २००६ चं अख्खं मिळालं. बाराही पानं उलटली. २२ जानेवारी, ९ एप्रिल, ३० जून, १४ सप्टेंबर, ६ डिसेंबर. पाच टिंबं. वर्षात आठपेक्षा कमी आली तर दाखवा असं असतं, माझी पाच, सोळाव्या वर्षी, भिंतीवर, फोडणीच्या वासात. त्याच वर्षी दुधाचे खाडे सतरा. ते सतराच्या सतरा मोजून पैसे कापलेले, डिसेंबरच्या पानावर खाली बेरीज आहे, आईच्या अक्षरात, हातचा घेऊन.

मी ते पान आईला दाखवलं. तिने चष्मा लावला, पेन्सिलीची टिंबं मोजली, परत मोजली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलं लिहायची राहिली असतील."

पुढचं थोडक्यात. गोळ्या घेतल्या, पाळीच्या, त्यावर दर महिन्याला येतं ते गोळी थांबवल्यामुळे येतं, ओव्हरी सुधारली म्हणून नाही, हे मला दोन वर्षांनी कळलं. मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरवरचं औषध, घेतलं, पहिले पंधरा दिवस पोटाचे हाल. चालायला लागले, वजन थोडं उतरलं, सगळं नाही, पण पाळी त्या थोड्यानेही सुधारली. मान पुसट झाली, सोलून नाही, आपोआप. केस आहेत, लेझर केलं, परत आले, परत केलं. वर्षा-दोन वर्षांतून उपाशीपोटी ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांची शुगर करते, आत्या डोळ्यासमोर असते. मध्ये एक वर्ष फार उदास गेलं, त्याचाही ह्याच्याशी संबंध असतो आणि तेही विचारायला हवं असतं हे फार उशिरा समजलं. मूल झालं का, हे इथे सांगणार नाही. नातेवाईक पहिलं तेच विचारतात.

तर भाची. मी तिची मान घासली नाही. ताईला आत बोलावून सांगितलं की हा मळ नाही, हात लावू नकोस, हिची शुगर आणि वजन एकदा बघून घे. ताई घाबरली, लगेच सोनोग्राफी करूया म्हणाली. नको म्हटलं. पाळी सुरू होऊन दोनच वर्षं झालीत, ह्या वयात ओव्हरी तशाही माळेसारख्या दिसू शकतात, आताच्या नियमावलीत पहिली आठ वर्षं त्यावरून निदान करूच नका असं आहे, पोरींमध्ये पाळीची गडबड आणि हार्मोनची खूण दोन्ही हव्यात. उगाच चौदाव्या वर्षी शिक्का नको. फक्त तारखा ठेव. तीन महिने लागोपाठ आली नाही तर मात्र वाट बघायची नाही.

भाची म्हणाली माझ्याकडे ॲप आहे. दाखवलं, त्यात मार्चनंतर काही भरलेलंच नाही.

आता रतीब बंद आहे, पिशवीचं दूध येतं. गेल्या महिन्यात आईचा फोन आला, इकडचं तिकडचं बोलून झालं, ठेवता ठेवता म्हणाली, थांब हां, आणि खुर्ची ओढल्याचा आवाज, चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज. "तुझ्या भाचीची नोव्हेंबरात आठला, मग एकदम दहा जानेवारी, मधला खाडा. ताईला विचारून मी पेनानेच लिहितेय आता."